युरियाच्या गोणीबरोबरचं लिंकिंग आणि विंडोजचं अपडेट

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून फॉरमॅट मारून मशिन परत आलं की सोबत एक वाक्य हमखास येतं: "अपडेट बंद करून दिलंय, आता त्रास नाही." गिऱ्हाईकही खूश होऊन जातं. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन 'विंडोज अपडेट' डिसेबल करणं हा आपल्याकडे दुरुस्तीचाच एक भाग होऊन बसला आहे.

पूर्वी त्यामागे सरळ हिशेब होता. मशिनमधलं विंडोज बहुधा विकत घेतलेलं नसायचं. अपडेट चालू ठेवलं की 'ही प्रत अस्सल नाही' असा शेरा यायचा, आणि २००८ नंतर तर डेस्कटॉपच काळा व्हायला लागला. शिवाय नेट डोंगलवरचं, महिन्याला एक-दोन जीबी. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हा त्याचा एकट्याचा डाउनलोड सुमारे तीन जीबीचा होता. महिन्याचा रिचार्ज एका रात्रीत गायब झाल्यावर माणूस अपडेटला शिव्या देणारच.

आता लॅपटॉप अस्सल विंडोजसकट येतो, डेटाही स्वस्त झाला. तरी नाराजी आहे तशीच आहे, आणि ती निव्वळ आळसातून आलेली नाही. अपडेट टाळणारी माणसं जी कारणं सांगतात त्यातली निम्मी तरी खरी आहेत. उरलेल्या निम्म्यात मात्र मोठा धोका आहे. कुठली निम्मी कुठली, ते नीट पाहायला हवं.

शेतकऱ्याला लिंकिंग ठाऊक असतं. युरियाची गोणी मागितली की दुकानदार सोबत एखादं नको असलेलं टॉनिक गळ्यात मारतो. ते घेतल्याशिवाय युरिया नाही. टॉनिकचा राग असतो, पण पिकाला युरिया लागतोच, म्हणून पैसे मोजावे लागतात. विंडोजच्या अपडेटचा राग याच जातीचा आहे. एका पोत्यात दोन वेगळे माल आहेत. एक सुरक्षेचे पॅच, म्हणजे फटी बुजवणाऱ्या दुरुस्त्या, ज्या तुम्हाला हव्यातच. दुसरा म्हणजे नवी रचना, नवी बटणं, खात्यात शिरण्याचे आग्रह, एआय, जाहिराती. हा माल मुख्यतः कंपनीला खपवायचा असतो. बंद करायचं तर सगळं पोतंच बंद करावं लागतं, आणि कॉम्प्युटर दुरुस्तीवाला नेमकं तेच करून देतो.

पॅच आल्यावर धोका वाढतो, तो का

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कोट्यवधी ओळींचा प्रोग्रॅम. त्यात चुका असतात, आणि त्यातल्या काही चुकांतून बाहेरचा माणूस आत शिरू शकतो. कंपनी त्या सापडतील तशा बुजवते. मायक्रोसॉफ्टने २००३ च्या ऑक्टोबरपासून यासाठी दिवसच ठरवून टाकला: दर महिन्याचा दुसरा मंगळवार. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते, आपल्याकडे रात्र. म्हणून बुधवारी सकाळी ऑफिस उघडल्यावर निळ्या पडद्यावर टक्के मोजत बसायची वेळ येते.

इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढचं सहसा कुणी सांगत नाही. पॅच जाहीर झाला की चोरांनाही तो मिळतो. जुनी फाइल आणि नवी फाइल शेजारी शेजारी ठेवून काय बदललं ते पाहिलं, की फट नेमकी कुठे होती ते कळतं. म्हणजे पॅच येण्याआधी जी चूक चार जणांना माहीत होती, ती पॅच आल्यावर जगजाहीर होते. ज्याने पॅच घेतला तो सुटला. ज्याने घेतला नाही त्याचं मशिन कालच्यापेक्षा आज जास्त उघडं पडलं. 'माझं मशिन दोन वर्षं अपडेट नाही, काही झालं नाही' या युक्तिवादातलं भोक हेच आहे.

२०१७ सालचं उदाहरण घ्या. विंडोजमध्ये नेटवर्कवर फायली आणि प्रिंटर शेअर करण्याची जी जुनी सोय आहे, तिच्यात एक फट होती. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तहेर संस्थेला ती माहीत होती आणि तिने त्यावर 'इटर्नलब्लू' नावाचं हत्यार बनवलं होतं. मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला पॅच दिला. १४ एप्रिलला 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या टोळीने ते हत्यार इंटरनेटवर उघडं टाकलं. १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस सुटला. पॅच आणि हल्ला यांच्यात ५९ दिवस होते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या एक तृतीयांशाहून जास्त रुग्णालय संस्थांची कामं विस्कळीत झाली, हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या. तेव्हा सगळ्यांनी विंडोज एक्सपी या जुन्या आवृत्तीला दोष दिला. पण बळी पडलेली बहुतांश मशिनं विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी पॅच फुकट आणि तयार होता, कुणी लावला नव्हता इतकंच.

महिना-दीड महिन्यात, २७ जूनला, 'नॉटपेट्या' नावाचा दुसरा व्हायरस आला आणि त्याची झळ थेट उरणजवळ पोचली. न्हावा शेव्याच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीच्या गटाकडे होतं. मर्स्कची संगणक यंत्रणा जगभर कोसळली तसं इथलंही काम ठप्प झालं. कुठला कंटेनर कुठे आहे आणि तो कुणाला द्यायचा, हे सांगणारी यंत्रणाच बंद. कंटेनर तुंबू लागले. मर्स्कने नंतर आपलं नुकसान २० ते ३० कोटी डॉलर असल्याचं सांगितलं.

नॉटपेट्या अपडेटवाल्यांनाही अडचणीत आणतो आणि न-अपडेटवाल्यांनाही, म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. एका मशिनवरून दुसऱ्या मशिनवर पसरताना त्याने तीच इटर्नलब्लूची फट वापरली, शिवाय मशिनमध्ये राहिलेले पासवर्डही चोरले. पण मुळात तो शिरला कसा? युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'एम.ई.डॉक' या अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. कंपनीचा अपडेट सर्व्हर हल्लेखोरांनी ताब्यात घेतला होता. ज्यांनी इमानदारीत 'अपडेट' दाबलं त्यांच्याच घरात चोर आधी आला.

तेव्हा अपडेट म्हणजे आपोआप सुरक्षा, हेही खरं नाही. १९ जुलै २०२४ ला 'क्राउडस्ट्राइक'च्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल जगभर गेली आणि ८५ लाख विंडोज मशिनं निळा पडदा दाखवून बसली. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. ती चूक विंडोजची नव्हती. पण आपोआप, सगळीकडे, एकदम जाणारं कुठलंही अपडेट काय करू शकतं, ते त्या दिवशी दिसलं.

अविश्वास कुठून आला

आता पोत्यातल्या दुसऱ्या मालाकडे. इथे मी बराचसा वैतागलेल्यांच्या बाजूने आहे.

विंडोज १० पहिलं वर्ष फुकट होतं. विंडोज ७ वर सुखाने काम करणाऱ्यांच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चिन्ह येऊन बसलं आणि 'घ्या, घ्या' म्हणू लागलं. लोक खिडकी बंद करायचे. मे २०१६ मध्ये कंपनीने असं केलं की कोपऱ्यातल्या फुलीवर क्लिक केलं तरी आधीच ठरवलेला अपग्रेड रद्द होत नसे. वीस वर्षं फुलीचा अर्थ 'नको' असा शिकवायचा आणि एक दिवस तो गुपचूप 'चालेल' करायचा, याला दुसरा शब्द नाही, ही फसवणूक आहे. कॅलिफोर्नियातल्या एका व्यावसायिक बाईंच्या ऑफिसचं मशिन अशा अपग्रेडनंतर नीट चालेना. त्या कोर्टात गेल्या आणि मायक्रोसॉफ्टला दहा हजार डॉलर द्यावे लागले. त्या वर्षाच्या अखेरीस कंपनीच्या विपणनप्रमुखांनीही आपण मर्यादा ओलांडल्याची कबुली दिली.

ऑक्टोबर २०१८ चा किस्सा याहून वाईट, आणि तो जवळून पाहण्यासारखा आहे. सी ड्राइव्ह भरू नये म्हणून अनेक जण 'डॉक्युमेंट्स' फोल्डर डी ड्राइव्हवर हलवतात. तसं केलं तरी सी वरचं जुनं फोल्डर तिथेच राहतं. आधीच्या एका आवृत्तीत अशी रिकामी जोड-फोल्डरं दिसू लागली म्हणून लोकांनी तक्रार केली. कंपनीने ती आवरायची ठरवली, आणि नव्या आवृत्तीने ती उडवून टाकली. फक्त फोल्डर खरोखर रिकामं आहे का, हे तपासायचं राहिलं. ज्यांनी नवी जागा ठरवली होती पण जुन्या फायली हलवल्या नव्हत्या, त्यांचे फोटो आणि कागदपत्रं साफ. चार दिवसांत वितरण थांबवलं, दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबरला आली. चीड आणणारी गोष्ट अशी की चाचणीसाठी आधी आवृत्ती घेणाऱ्या काही स्वयंसेवकांनी ही तक्रार महिने आधी नोंदवली होती. तिला पुरेशी मतं पडली नाहीत, म्हणून ती यादीत खाली राहिली. तक्रार किती गंभीर आहे ते नोंदवण्याची सोय कंपनीने त्यानंतर केली.

दिसण्यातले बदल त्यामानाने किरकोळ, पण रोज टोचणारे. २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटणच काढून टाकलं, वर्षभरात ८.१ मध्ये ते परत आणावं लागलं. विंडोज ११ मध्ये राइट क्लिक केलं की अर्धी यादी 'आणखी पर्याय दाखवा'च्या मागे लपलेली असते. दिवसातून शंभरदा राइट क्लिक करणाऱ्या क्लार्कला ही सुधारणा कोणाच्या भल्यासाठी झाली ते विचारा.

आणि मशिन जड होत जाण्याची तक्रार? तिलाही आधार आहे. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी मेमरी लागायची, विंडोज ११ ला किमान ४ जीबी. म्हणजे १,०२४ पट. पत्र टाइप करायला लागणारा वेळ मात्र तेवढाच आहे. स्विस संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्ट यांनी १९९५ सालीच हे दुखणं मांडलं होतं: यंत्रं जितक्या वेगाने वेगवान होतात, त्याहून जास्त वेगाने सॉफ्टवेअर मंद होतं.

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. मराठीत टाइप करणाऱ्यांना अपग्रेडने खरोखर काही दिलं आहे. विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोड, म्हणजे सगळ्या मशिनांवर चालणारी अक्षरांची एकच प्रमाण पद्धत, आलं. एक्सपीमध्ये ते चालू करायला एका चौकोनात टिक करून सीडी घालावी लागे, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी चौकोनांच्या रांगा. विंडोज व्हिस्टापासून ते मुळातच चालू मिळू लागलं. त्याआधी प्रत्येक मराठी वर्तमानपत्राच्या साइटसाठी वेगळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. एक्सपीवरून विंडोज ७ वर माणसं आपल्या पायांनी चालत गेली, त्यांच्या पडद्यावर चिन्हं नाचवावी लागली नाहीत.

दोन माल वेगळे करता येत नाहीत का?

येतात. लिनक्स या फुकट ऑपरेटिंग सिस्टिमच्या जगात डेबियन नावाच्या प्रकाराची स्थिर आवृत्ती हेच करते: सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, प्रोग्रॅमची वागणूक बदलत नाही. आणि खुद्द मायक्रोसॉफ्टही हे करतं. विंडोज १० ची 'एलटीएससी' नावाची आवृत्ती आहे, जी एटीएम, रुग्णालयातली यंत्रं, कारखान्यातली मशिनं यांच्यासाठी असते. तिच्यात नवे खेळ येत नाहीत, फक्त पॅच येतात. उपकरणांसाठीच्या २०२१ च्या एलटीएससी आवृत्तीला जानेवारी २०३२ पर्यंत पॅच मिळणार आहेत. घरच्या विंडोज १० ला 'आयुष्य संपलं' म्हणून १४ ऑक्टोबर २०२५ ला हात झटकले, त्याच विंडोज १० ला. म्हणजे काम अशक्य नाही. तुमच्या-माझ्यासाठी ते करण्यात कंपनीला फायदा नाही, एवढंच.

तिची बाजूही आहे. पाच आवृत्त्या एकाच वेळी सांभाळायच्या म्हणजे प्रत्येक पॅच पाच ठिकाणी बसवून तपासायचा. खर्च खरा आहे. पण लॅपटॉपबरोबर विंडोज एकदाच विकलं जातं. त्यानंतरची कमाई खातं, क्लाउडमधली जागा आणि सबस्क्रिप्शन यांतून येते, आणि ती दुकानं नव्या आवृत्तीतच उघडतात.

विंडोज ११ ची अट पाहिली की दोन्ही गोष्टी कशा मिसळलेल्या असतात ते दिसतं. त्याला टीपीएम २.० लागतं. गुप्त किल्ल्या मुख्य प्रोसेसरपासून वेगळ्या, सुरक्षित ठेवणारी ही व्यवस्था आहे. कारण रास्त आहे. पण इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासूनचेच चालतील, ही रेषा कशी ओढली? सातव्या पिढीच्या मोजक्या चिप्स नंतर यादीत घेतल्या, त्यातली एक होती ७८२०एचक्यू. ती मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या, तेव्हा विक्रीला असलेल्या 'सरफेस स्टुडिओ २' मध्ये बसवलेली होती. बाकीच्यांनी नवं मशिन घ्यावं. कॅनालिस या संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार अशी सुमारे २४ कोटी मशिनं भंगाराच्या वाटेला लागू शकतात.

मग करायचं काय

दर महिन्याचा पॅच घ्या, पण बुधवारीच नको. सेटिंग्जमध्ये अपडेट आठवडाभर थांबवायची सोय आहे, ती वापरा. घोळ असेल तर तो बहुधा त्या आठवड्यात जगाला कळतो. महिन्याच्या उत्तरार्धात 'प्रीव्ह्यू' म्हणून जे ऐच्छिक अपडेट दिसतं, त्याला हात लावू नका. ती चाचणी आहे आणि तुम्ही उंदीर. 'नवीन अपडेट सर्वांत आधी मिळवा' हे बटणही बंद ठेवा.

नवी पूर्ण आवृत्ती येते तेव्हा घाई अजिबात नको. तुमच्या आत्ताच्या आवृत्तीला पॅच मिळत असतील तोवर थांबायला हरकत नाही. बसवायची झालीच तर आधी फायली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. आवडली नाही तर साधारण दहा दिवसांच्या आत मागे फिरता येतं. आणि डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते, कित्येकांना ते माहीतही नसतं. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर अनेक मशिनांनी अचानक हीच की मागितली होती.

विंडोज १० वाल्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव पॅचची योजना आहे. तीस डॉलर भरा, किंवा सेटिंग्ज क्लाउडशी जोडून फुकट घ्या. दोन्ही वाटांना मायक्रोसॉफ्टचं खातं लागतंच. इथेही लिंकिंग सुटलं नाही! पण माझ्या मते घ्यावं. विंडोज ११ च्या प्रत्येक पॅचमधून दोघांतल्या सामाईक जुन्या कोडमधल्या फटी उघड होतात, आणि विंडोज १० त्या फटींसकट उघडं राहतं. मशिन फक्त ब्राउझर आणि मेलसाठी असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा. टॅली किंवा डिजिटल सहीचं टोकन असेल तर ते सहज जमत नाही, म्हणून सरसकट सल्ला देत नाही.

राहिली छापखान्यातली आणि पतसंस्थांमधली मशिनं. पेजमेकर, जुना मराठी फॉन्ट आणि तो चालायला मशिनला लावावं लागणारं त्याचं डोंगल. किंवा डॉसवरच्या फॉक्सप्रोत कुणीतरी वीस वर्षांपूर्वी लिहून दिलेला खातेवहीचा प्रोग्रॅम. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅम मुळीच चालत नाहीत, डोंगलचा जुना ड्रायव्हरही बसत नाही. अशा माणसाला 'अपग्रेड करा' सांगणं म्हणजे धंदा बंद करा सांगणं. त्याने एक्सपी ठेवावं, पण ते मशिन एकटं ठेवावं. नेटची केबल काढायची, वायफाय बंद. ऑफिसच्या लॅनलाही जोडायचं नाही, प्रिंटर शेअर करण्यापुरतंसुद्धा नाही, कारण वॉनाक्राय त्याच वाटेने एका मशिनवरून शेजारच्या मशिनवर जात होता. फायली न्यायला-आणायला एकच पेनड्राइव्ह, दर वेळी दुसऱ्या, पॅच घेतलेल्या मशिनवर स्कॅन करून. जुनं मशिन मरायच्या बेतात असेल तर त्याच्या डिस्कची प्रत काढून ती नव्या मशिनवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (मशिनच्या आत दुसरं मशिन चालवणारा प्रोग्रॅम), नेटवर्क बंद ठेवून चालवता येते. फॉक्सप्रोसारख्या डॉस प्रोग्रॅमना डॉसबॉक्ससारखं साधनही पुरतं. डॉट मॅट्रिक्सवर छापणं तेवढं त्यात जिकिरीचं पडतं, तेव्हा जुनं मशिन विकण्याआधी पासबुकाचं एक पान छापून बघा.